चार बोटं माया

थांबा म्याडम, ती सुई जरा बाजूला ठेवा — आत्ता काय म्हणलाव तुम्ही? ‘कधीच इंजेक्शन न घेतलेला माणूस’ — असंच म्हणलाव न्हवं? तसला माणूस सापडत न्हाई, म्हणून सरांनी तुमच्याकडं पाठवलं — व्हय, सर म्हंजे आमचा अण्णाच की, प्रशांतकुमार, माझ्यापेक्षा दहा वर्सांनी थोरला. दर दिवाळीला आला की तोच न्यायचा रक्त, औंदा येळ न्हाई म्हणून, मराठी येतंय म्हणून, तुम्हाला धाडलाय आळंदला. पण कसलं इंजेक्शन? — उंची वाढायचं. बरं. आणि ते कधीपासनं हाय? मी ल्हान होतो तवाबी होतं? — व्हय म्हणून मान हालवलाव, कळलं.

न्हाई, रागावलो न्हाई, कामून रागवू? चहा घ्या. अण्णाचे उंदीर मला ठावं हायत — आपल्या मेंदूच्या बुडाला वाटाण्याएवढी गाठ असती, तिच्यातनं वाढीचा रस सुटतोय, आणि ज्या उंदरात सुटत न्हाई त्यो माझ्यासारखा बुटकाच ऱ्हातोय पण बाकीच्यापेक्षा लै जगतोय, म्हातारपण उशिरा येतंय त्याला. गिऱ्हाइकांना सांगत असतो मी, ह्या स्टुलावर उभारून माप घेताना — माझा अण्णा सायंटिस्ट हाय, माझ्यासाठीच पाळलाय ते उंदीर. माझ्यासाठीच. मोबाइलमधी कधी बघितलं न्हाई मी, औषध निघालं का म्हणून — घरात सायंटिस्ट असताना कोण बघतंय?

बारा वर्साचा होतो, अण्णा मला सोलापूरला मोठ्या डॉक्टरकडं नेला. डॉक्टर लै येळ इंग्रजीत बोलले, हात असा वर वर करून दाखवले — मला वाटलं, वाढंल म्हणायलेत. बाहेर आल्यावर अण्णा म्हणला, वीरण्णा, जगात औषधच निघालं न्हाई अजून, मी काढतो, तू वाट बघ — आणि उसाचा रस पाजला मला, दोन गिलास. घरी आई गळ्यातल्या इष्टलिंगाला हात लावून रडली. त्याच वर्सी अप्पा, आमचे वडील, मागचं रान विकून अण्णाला परदेशी शिकायला धाडले. एका रानाच्या पैशात दोन कामं होत न्हाईत, माझं इंजेक्शन आणि त्याचं शिक्षण, एवढं मलाबी कळतंय — मला इचारला असता तर मीच म्हणलो असतो, जा अण्णा, शिक. इचारला न्हाई. आणि नंतर — हाडांची वाढ मिटल्यावर त्या इंजेक्शनचा उपेग न्हाई, तुम्हीच म्हणलाव न्हवं — नंतर तरी खरं सांगायचं की. कामून सांगंल? खरं कळलेला भाऊ रक्त देईल व्हय? आणि इंजेक्शन घेतलेला भाऊ त्याच्या काय कामाचा?

ही प्यांट बघा — बघा की, लाजू नका. खाली दुमडून आत जास्तीचं कापड सोडतोत न्हवं, त्याला आम्ही शिंपी लोक माया म्हणतोत. ल्हान लेकराच्या कपड्याला ठेवतोत — लेकरू वाढतंय, मग उसवून सोडायचं. मी छत्तीसचा हाय म्याडम, आणि अजून माझ्या प्यांटीला चार बोटं माया ठेवतो. बायकोलाबी ठावं न्हाई, तुम्हाला कामून सांगायलोय काय की. दिवाळीला रक्त द्यायचं, अण्णा म्हणायचा ‘जवळ आलंय रे’, आणि मी नव्या प्यांटीला माया ठेवायचो — औंदा लागंल म्हणून.

ती कात्री द्या इकडं. द्या, तुम्हाला काय करत न्हाई. — हं. हा एक पाय. हा दुसरा. घ्या ही कापलेली माया, तुमच्या त्या डब्यात ठेवा, बर्फात, रक्ताच्या जागी. अण्णाला म्हणावं, वीरण्णानं पाठवलंय, बघ ह्यात काय सापडतंय का.

रक्त? न्हाई. लै जगणार म्हणतोय न्हवं त्यो मला? जगतो की. पण रक्त न्हाई. उठा आता, कलबुर्गीची बस निघंल तुमची. शटर अर्धं ओढलेलं हाय, डोकं सांभाळून जावा — तुम्ही उंच हाव.