स्क्रूवरचे दोन घाव

मुलांनो, नरेश हा आपल्या भागातला ठसे बनवणारा कारागीर. कॉम्प्युटरवर काही इंग्रजी उमटलं की तो ते कागदावर जसंच्या तसं उतरवून माझ्याकडे अर्थ विचारायला यायचा. एका दुपारी कागद न आणताच आला आणि बोलत राहिला. ते मी लिहून घेतलं, त्याला वाचून दाखवलं, त्याने सांगितलेल्या तीन दुरुस्त्या केल्या. नावं बदलली आहेत.

आमचं मूळ इथलंच, बाई. वाणगाव स्टेशनातून समुद्राच्या बाजूला निघालं की वाटेत आमचं गाव, पावसाळ्यात भात, आणि बाराही महिने घराघरात ठकठक. सोनाराला दागिन्याचा पत्रा दाबायला पोलादाचा ठसा लागतो, त्यात फूल, पान, देवीचा मुखवटा असं सगळं उलटं कोरलेलं असतं, वर पत्रा ठेवून दाबला की सुलटं उमटतं. हे उलटं कोरायचं काम आमचे बाबा करायचे, आणि बाबांनी आम्हा दोघा भावांना ते मारून मारून शिकवलं. मारून म्हणजे काय सांगू तुम्हाला, रेघ केसभर हलली की हातोडीचा दांडा बोटांच्या सांध्यावर, दोनदा हलली की केस धरून डोकं पाटावर. एकदा भट्टीतून काढलेला लाल ठोकळा चिमट्याने माझ्या अंगावर भिरकावला, तो पायावर पडला, हा बघा डाग. आई मध्ये आली तर आईला.

वसंतदादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. त्याचा हात देवाने दिलेला, त्याने सहसा मार खाल्ला नाही. माझा हात जड. माझी रेघ चुकली की बाबा उठायच्या आत दादाच माझ्या कानशिलात द्यायचा, चांगली सणसणीत, आणि मग बाबा बसल्या जागी बसून राहायचे. मला तेव्हा वाटायचं हा बाबांपेक्षा दुष्ट आहे. पोराला कुठे कळतं, दादाची एक खाल्ली म्हणून बाबांच्या दहा चुकल्या. मला हे कधी कळलं ते सांगतो पुढे.

बाबा गेले आणि मशीनं आली. वलसाडचा एक शेठ आमच्याकडून माल घ्यायचा, तो म्हणायला लागला, नरेशभाय, हाताच्या ठशाला आठ दिवस कोण थांबणार, जमानो मशीननो छे. मग दोन हजार पंधराला मी वापीच्या एका बंद पडलेल्या कारखान्यातून कोरायचं मशीन उचललं, आणि त्याच्याबरोबर त्याचा कॉम्प्युटर, रंग उडालेला, पंखा घरघरणारा. दादा बोलला, हे काय प्रेत आणलंस. मी बोललो, प्रेतच तुला पोसणार आहे. दोघांनाही एकमेकाला टोचल्याशिवाय बोलता येत नव्हतं, बाबांची शाळा ती.

सुरुवातीला चाललं. मग शेठकडून चित्रं मोठी मोठी यायला लागली, बारीक कामाची, आणि हा म्हातारा मध्येच गोठायचा. गोठायचा म्हणजे पडद्यावर सगळं थांबायचं पण खाली कटर फिरतच राहायचा, एकाच जागी, पोलादात, किंकाळी मारल्यासारखा आवाज, मग फाट करून तुटायचा. एकदा तुटलेलं टोक गालात घुसलं, डोळ्यापासून दोन बोटं खाली, वहिनीने भुवई काढायच्या चिमट्याने ओढून काढलं आणि ते रक्तासकट माझ्या हातावर ठेवून म्हणाली, भावोजी, घ्या तुमची कमाई.

सगळे सांगायचे, नवीन घे ना. अहो बाई, नवीन घ्यायला पैसे नव्हतेच, पण असते तरी उपयोग नव्हता. त्या मशीनला हुकूम जातो तो मागच्या पंचवीस भोकांच्या सॉकेटातून, पूर्वी प्रिंटर लावायचे ते. नव्या कॉम्प्युटरला ती भोकंच नसतात. एकाने जोडणी बदलायची वायर दिली, ती लावली तर मशीन ढिम्म हलेना, आणि तुम्हीच तर तो इंग्रजी कागद वाचून सांगितलंत की त्याला मशीन दिसतच नाहीये. म्हणजे याच म्हाताऱ्याला जगवायचं, जुन्याच अवयवांनी.

जगवत होतो. रॅम एका बंद झालेल्या सायबर कॅफेतून, वीज देणारा डबा दुसरीकडून. शेवटी कळलं की मदरबोर्डच खलास आहे, त्याच्यावरच्या छोट्या टाक्यांसारख्या कपॅसिटरची डोकी फुगून फुटली होती. तलासरीला हायवेवर एक भंगारवाला आहे, त्याच्याकडे कुठल्याशा शाळेतून निघालेल्या कॉम्प्युटरांचा ढीग पडला होता. दोन दिवस उन्हात बसून मी तो ढीग उपसला, पंचवीस भोकांचं सॉकेट असलेला एक बोर्ड सापडला. भंगारवाल्याला तो कसला आहे माहीत नव्हतं, त्याने किलोच्या भावाने दिला. छातीशी धरून आणला मी, तान्ह्या पोरासारखा.

तेव्हा फाल्गुन संपत आला होता. शेठने चैत्रातल्या महालक्ष्मीच्या यात्रेसाठी चांदीच्या मुखवट्याचे ठसे मागितले होते, लहानमोठे मिळून बारा, आणि साफ सांगितलं होतं की या वेळी चुकलास तर मी राजकोटला जातो, परत येणार नाही. शेठ गेला असता तर आमचं दुकान बंदच होतं, दादाचंही, कारण हाताच्या ठशांचं गिऱ्हाईकही तोच आणायचा.

पण मुखवट्यावरूनच घरात पेटलं. बाबांनी कोरलेला एक मुखवटा होता, तो मी दादाला न विचारता उचलून त्याचा फोटो कॉम्प्युटरमध्ये घातला होता, त्यावरून मशीनने नक्कल काढायची म्हणून. दादाला कळलं तेव्हा शेठ समोर बसलेला, त्याच्यासमोर दादाने माझ्या तोंडात मारली. मी चाळीस वर्षांचा बाप्या, बाई. मी त्याचा गळा धरला. शेठ चहा तसाच टाकून गाडीत जाऊन बसला. दादाने माझा कीबोर्ड उचलून विहिरीत टाकला आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल असं बोलला की, एक दिवस हा डबा मी घणाने फोडणार, आणि मध्ये आलास तर तुलाही. हे लक्षात असू द्या तुमच्या, तो बोलला होता.

तर बोर्ड आणला. जुना काढायला घेतला, सगळे स्क्रू निघाले, एक निघेना. खाऱ्या हवेने गंजून बसलेला, आणि मी पेचकस दाबून दाबून त्याचं डोकं खाऊन टाकलं, आता पेचकस धरायला खाचच उरली नाही. एका स्क्रूपायी सगळं अडलं. यात्रेला थोडे दिवस राहिले होते. मी टेबलाला लाथा घातल्या, भिंतीवर मुठी आपटल्या, आई-बहिणीवरून शिव्या दिल्या. दादा बाहेर पाटावर बसून कोरत होता, त्याने मान वर केली नाही. मी सायकल काढली आणि तो स्क्रू कोरून काढायला बारीक ड्रिल मिळतंय का बघायला वाणगावला गेलो.

मिळालं नाही. भर दुपारी परत आलो, डोकं तापलेलं, आणि दारातून बघतो तर कॉम्प्युटर टेबलावर आडवा पाडलेला, दादा त्याच्यावर वाकलेला, डाव्या हाताची छिन्नी आत बोर्डावर टेकवलेली आणि उजव्या हातात हातोडी उचललेली.

आमच्या दाराला वाऱ्याने आपटू नये म्हणून एक ठोकळा लावलेला असतो, माझाच फुकट गेलेला ठसा, दीड किलोचा. तो कधी उचलला ते मला माहीत नाही. दादा म्हणून हाक नाही मारली, काय करतोस असं विचारलं नाही. एवढा वेळ होता, बाई. दारापासून टेबलापर्यंत पाच पावलं आहेत, मी नंतर मोजली. पाच पावलं गेलो, तोवर त्याचा हातोडीचा हात खाली आला होता, ते उजवं मनगट टेबलाच्या कडेवर होतं त्याच्यावर तो ठोकळा घातला. एकदा घातला. त्याने वळून माझ्याकडे बघितलं, मग मी दुसऱ्यांदा घातला. पहिला मी डब्यासाठी घातला असेल. दुसरा कशासाठी घातला ते मला आजपर्यंत सांगता येत नाही.

हाड बाहेर आलं होतं. वहिनी आली, तिने पदर फाडून बांधलं, रिक्षात बसताना मला म्हणाली, आता याला घास तुम्ही भरवा, भावोजी, तुमचा डबा वाचला ना. डहाणूच्या दवाखान्यात डॉक्टरने विचारलं कसं झालं. मी तोंड उघडणार तेवढ्यात दादा बोलला, हात प्रेसखाली सापडला. डॉक्टरने त्याच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, माझ्या शर्टावरचं रक्त बघितलं. परत विचारलं. दादा परत तेच बोलला, प्रेसखाली, आणि मला बोलला, तू घरी जा.

घरी आलो. कॉम्प्युटर तसाच आडवा पडलेला. मी वाकून बघितलं की काय काय फोडलं याने. काहीच फोडलं नव्हतं. बोर्डाला ओरखडा नव्हता. फक्त तो गंजलेला स्क्रू, त्याच्या डोक्याच्या कडेला दोन चकचकीत घाव, छिन्नी तिरकी लावून घातलेले, सुटायच्या दिशेने, इतके नाजूक की बाजूच्या हिरव्या पट्टीला धक्का नाही. आम्हा ठसेवाल्यांना असला स्क्रू कसा काढायचा ते पोरपणापासून येतं. मला येत होतं. रागात सुचलं नाही. त्याला माझ्या लाथा ऐकून सुचलं, आणि मी बाहेर गेल्यावर तो उठला, कारण मी असताना उठला असता तर मी त्याला हात लावू दिला नसता. मी स्क्रूला दोन बोटं लावली, तो आपोआप फिरला.

तेव्हा कळलं मला ते कानशिलातलं. जमिनीवर बसून मी स्वतःच्या तोंडात मारून घेतल्या, ओठ फुटेपर्यंत. त्याने काय होतं. मग उठलो आणि, सांगायला लाज वाटते, मी तो नवा बोर्ड बसवला. बसवला, चालू केला, आणि तो म्हातारा पहिल्यांदा न गोठता पूर्ण ठसा कोरून थांबला. बारा ठसे वेळेत गेले. शेठने पेढे पाठवले. वहिनीने ते कुत्र्याला घातले.

प्लास्टर निघालं पण दादाची मूठ वळली नाही. अंगठा आणि दोन बोटं हलतात, हातोडी धरवत नाही. एक दिवस मी त्याच्या पुढ्यात हातोडी ठेवली, माझा उजवा हात पाटावर पसरला, आणि बोललो, दादा, घाल. तो बोलला, कुठल्या हाताने?

आता चार वर्षं होत आली. या वर्षी भूकंपाच्या धक्क्यांनी जमीन हादरायची तेव्हा लोक बाहेर झोपायचे, आम्हीही एकाच अंगणात दोन टोकांना झोपायचो. तो रोज दुकानात येऊन बसतो. मशीनचा ठसा निघाला की डाव्या अंगठ्याने चाचपतो, बरा असला तर उठून जातो, नसला तर पालथा घालून ठेवतो. यंदाच्या मुखवट्याचा ठसा त्याने सात वेळा पालथा घातला. मी बोललो, केसाचाही फरक नाहीये, बघ पडद्यावर. तो बोलला, डोळे मेलेले आहेत. डोळे मशीनला देऊ नकोस. डोळे तू कोर.

मी कोरायचे, बाई. माझ्या या जड हाताने. तेव्हापासून मशीन डोळ्यांची जागा कोरी सोडतं, मी छिन्नी घेऊन पाटावर बसतो आणि दादा माझ्या पाठीमागे उभा राहून सांगतो, ठोक. थांब. इथे नको, अलीकडे घे. ठोक. काल माझा हात थरथरायला लागला, छिन्नी टेकेना. मी बोललो, दादा, थरथरतोय, नाही होणार माझ्याने.

दादा बोलला, त्या दिवशी नाही थरथरला तो.

खरं आहे त्याचं. मी छिन्नी टेकवली. तो बोलला, ठोक.