जनरलचा खरवडलेला चेहरा

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरचे संपादक साहेब, पाहुणे मंडळी, छापखान्यातले माझे जुने सोबती, आणि आज निवृत्त होणाऱ्या, मधल्या खुर्चीत अवघडून बसलेल्या आमच्या ताई,

शाळेनं मला चौथीतच निरोप दिला, तोही समारंभाविना. पुढचं आयुष्य डार्करूममध्ये गेलं. त्यामुळे उजेडात बोलायचं म्हटलं की जीभ अडखळते. सांभाळून घ्या.

आपल्या दैनिकाचं फोटोंचं कपाट म्हणजे ताईंचं दुसरं घरच. त्यात कोण नाही? सेनापती, हुकूमशहा, बंड करणारे, बंड मोडणारे. जन्मभर एकमेकांचं तोंड न पाहणारे दोन पुढारी ताईंनी एकाच खणात बसवले. का? तर दोघांच्या फोटोंचं माप एक! कुणाचा पुतळा उभा राहो की पडो, ताईंचं फडकं सगळ्यांवरून सारख्याच मायेनं फिरायचं. एकदा साहेबांनीच घाईत फोटोला हात घातला.

"हात धुतलेत?"

"अहो, मी संपादक आहे!"

"ते दिसतंय. हात धुतलेत?"

साहेब, हसताय काय, निमूट नळावर गेला होतात!

असो. आता पोटातलं बोलतो. त्या कपाटात एक फोटो आहे. तेव्हा सत्तेवर असलेला जनरल ट्रकच्या फळीवर हात ठेवून उभा, ट्रकमध्ये पकडलेली कॉलेजची पोरं. अगदी कडेला ताईंचा धाकटा भाऊ. तो परत आलाच नाही. निगेटिव्ह जप्तीत गेली, उरली ही एकच प्रत. जनरलची सत्ता गेली, त्या आठवड्यात मी ब्लेड घेतलं आणि त्याचा चेहरा खरवडून काढला. वाटलं, ताईंच्या जिवाला तेवढाच गारवा.

ताईंनी फोटो उजेडात धरून पाहिला. म्हणाल्या, "दादा, याचा चेहराच गेला. आता माझ्या भावाला नेलं कुणी, हे दाखवू कसं?"

वरच्या साहेबांनी विचारलं, "कुणी केलं हे?" ताई म्हणाल्या, "कपाट माझ्या ताब्यात, जबाबदारी माझी." हातातोंडाशी आलेली बढती गेली. मी शेजारीच उभा होतो, मिठाची गुळणी धरून.

मग ताईंनी फोटोच्या पाठीवर लिहिलं, 'चेहरा आपल्याच कार्यालयात खरवडला गेला. खरवडणारा...' पुढे जागा कोरी. एकवीस वर्षं कोरीच आहे. ताई, तुम्हाला ठाऊक होतं ना? तसलं ब्लेड अख्ख्या इमारतीत माझ्याचकडे असायचं. तरी रोज विचारत राहिलात, "दादा, जेवलात का?"

तो फोटो आज आणलाय. हात धुऊन आणलाय. सोबत मऊ पेन्सिलही आहे. पाठीवर शाई चालत नाही, हे तुम्हीच शिकवलंत. त्या कोऱ्या जागेत माझं नाव घाला.

अध्यक्ष महोदय, वेळ दिलात, मंडळींनी ऐकून घेतलं, उपकार आहेत. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर सभेनं पोटात घालावं.

ताई, तुम्ही मात्र आता पोटात घालू नका. लिहा.