तुकडा मोडलेली कॅसेट

सक्करदऱ्याच्या बसथांब्यावर माझ्यापुढे दोघी उभ्या होत्या. धाकटीच्या कडेवर टेपरेकॉर्डर होता, लेकरासारखा.

"एवढं वजन घेऊन कुठं चालली वं गोपिका?"

"कन्हानले, मायकडं. तिले तिच्या ओव्या ऐकवाले."

"भरून घेतल्या वाटते?"

"दिवाळीत गेली होती भराले. आमच्या घरी जो तो लाल बटण दाबते अन् कशावरही सिनेमाचे गाणे भरते. दुकानदार म्हणे, कॅसेटच्या पाठीचा प्लास्टिकचा तुकडा मोडला का मग कोणालेच भरता येत नाही. म्हणून मी आधीच मोडून नेला."

"आधीच? मग तुले तरी कसं भरता येईन वं?"

"तेच तं, रंभाबाई. लाल बटण बसेचना. मले वाटलं, नवीन हाय, कडक असन. बाजूचं दाबलं, चाकं फिरू लागले. माय अर्धा तास गायली."

"अन् भरलं काहीच नाही!"

"नुसती सरसर. पण मायले कमी ऐकू येते. कान लावून बसली अन् म्हणे, बरोबर उतरलं, मधात खोकला आला तोही हाय."

"तू सांगितलं नाही?"

"कसं सांगू? सरसर सुरू झाली का डोळे मिटून संग गाते."

"तुकडा मोडला त्या भोकावर चिकटपट्टी लाव, मग भरता येते. माय थकली तुही, आता खरंच भरून घे."

"पट्टी तं चार महिन्यांपासून पिशवीत हाय. लावाले हातच होत नाही. मायचं पहिलं गाणं पुसलं जाईन न."