अक्काचा पंप माझ्या खिशात व्हता

आधी हे लिहून घ्या, की अक्काचा पंप, दमेकरी तोंडात धरून औषध ओढतात तो, दवाखान्याच्या दारातच मी तिच्या पिशवीतून काढला आन माझ्या खिशात घातला. चोरी म्हणा याला.

आमी जिंतूरचे. माय लवकर गेली, मला थोरल्या बहिणीनं, अक्कानं वाढवलं. जिनिंगात, सरकी काढायच्या गिरणीत, कापूस लोटायला जायची, वीसेक वर्षं गेली, घरी यायची तर भुवया पांढऱ्याफेक, मी हसायचो, म्हणायचो अक्का म्हातारी झाली. तो कापूस छातीत बसायला व्हता. मालकानं तोंडाला बांधायला फडकं बी दिलं न्हाई, फडकं तिचं सोताचं. त्याच कापसावर मी शिकलो, शाळेत कारकून झालो.

मंग तिच्या हृदयाच्या नळ्या बंद निघाल्या, बायपास करा म्हणले. आता आमच्याकडं एक बोलणं हाय, दमेकऱ्याला भूल दिली की उठत न्हाई, डॉक्टर हात लावत न्हाईत. भावकी बोलली, एसटीतला कंडक्टर बी बोलला, आन मी शिकलेला माणूस, मला ते खरं वाटलं. परत पाठवलं तर अक्का मरंल. फॉर्मवर पूर्वीचे आजार असा रकाना व्हता, त्यात मी सुंदर अक्षरात लिहिलं, नाही.

डॉक्टरीणबाईनं विचारलं, बिडी ओढता का आजी? अक्का म्हणली, बिडी न्हाई बाई, कापूस ओढलाय. मी मधीच तोंड घातलं, थट्टा करायलीय म्हणलो. छातीत सूं सूं वाजतंय, बाई म्हणल्या, तर मी म्हणलो सर्दी हाय, दम हृदयानं लागतो. नळीत फुंकायची तपासणी तिला जमंना, तर काय सांगू तुमाला, तिच्या तोंडावर म्हणलो, अडाणी हाय, हिला फुंकता येत न्हाई.

ऑपरेशन झालं, पर श्वासाचं मशीन निघंना. दोनदा काढलं, दोनदा परत घातलं. तवा मी खिशातला पंप बाईंच्या हातावर ठेवला. लय भडकल्या. दमा हाय म्हणून ऑपरेशन होत न्हाई असं कोण म्हणलं? आधी औषधं दिली असती, श्वासाचा व्यायाम घेतला असता, मंग टेबलावर घेतलं असतं. तयारीच तुमी चोरली!

नवव्या दिवशी मशीन निघालं. आता अक्का घरी हाय, आवाज बसला तो बसलाच. मला राग येतो, जिनिंगवाल्याचा, त्या कंडक्टरचा, आन सगळ्यात जास्त माझ्या सुंदर अक्षराचा.

परवा शेजारची विचारायला आली, नवऱ्याला दमा हाय, बायपास सांगितलाय, लपवावं का? अक्का माझ्याकडं बघून म्हणली, इचार की सायबाला. मी सगळ्यांदेखत सगळं सांगितलं, पंपासकट. अक्का बसक्या आवाजात म्हणली, फुंकता येत न्हाई म्हणला व्हता ना मला? मंग तुझ्या भाकरीसाठी चूल कोण फुंकत व्हतं रे?

मी तिचे पाय धरले. म्हणलो, अक्का, तू खरं बोलली व्हतीस आन मी तुला गप केलं. अडाणी मी व्हतो. चुकलो, माफ कर.