यंत्राची घंटी

मोडक्या यंत्रांचा माझा नाद तुम्हाला ठाऊकच आहे. पण आईनं त्याला कधी पावती दिली, ते ऐका.

बहात्तरच्या दुष्काळाआधी कोल्हारला माझं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. एका साखर कारखान्याच्या भंगारातून मी हिशेबाचं हँडलवालं यंत्र उचलून आणलं. हँडल उलटं फिरवून वजाबाकी करताना आकडा शून्याखाली गेला की त्यातली घंटी वाजायची, पण आता ती मुकी झाली होती. कारखान्यातला कारकून भाऊसाहेब हसला, "ती आता वाजत न्हाई." असं कुणी म्हटलं की माझे हात शिवशिवतात. म्हटलं, "खंडेनवमीला घरी या."

सगळी चाकं रॉकेलनं धुतली, शिलाई मशीनचं तेल सोडलं आणि खंडेनवमीला पान्या-पकडींशेजारी यंत्र पूजेला मांडलं. आई कुरकुरली, "भंगाराला कुंकू?" आरती सुरू झाली आणि तिच्याच हातातल्या घंटेचा लोलक निखळून पडला. मी यंत्राचं हँडल उलटं फिरवलं. टिंग! मग सुलटं, पुन्हा उलटं, टिंग, टिंग. आरती झोकात पार पडली.

भाऊसाहेबाला राहवेना. "काकू, आकडा कमी पडला म्हणून वाजती ती!"

आई म्हणाली, "मंग बरूबर हाय की. कमी पडल्याबिगर मानूस देवापुढं घंटी वाजवतो व्हय?"