अडचण आली तर अमूतीला विचारा

...आणि वर मलाच विचारतात, "अमूती, एवढं चिडायला काय झालं?" अहो, सकाळपासून रेडिओवर एकच जाहिरात! डुकरांचं खाद्य! बातम्या नाहीत, गाणी नाहीत, प्रार्थना नाही, नुसतं "खा आणि लठ्ठ व्हा!" आणि माझ्या मुलीची पाठवणी शनिवारची शुक्रवारवर आलेली, कारण पाद्रीबाबांना शनिवारी दुसरीकडे जायचंय. पाहुण्यांना कळवायचं कसं? फोन करा म्हणाल. केले! पण आमच्या फोर्ट पोर्टल शहरात रेडिओवर ऐकल्याशिवाय कुणी खरं मानत नाही. सगळे सोयरे शनिवारी आले आणि अंगणात नुसती चुलीची राख दिसली, तर तोंड कुठे लपवू?

तडक रेडिओच्या कचेरीत गेलो. तिथलं यंत्र काक्यो नावाची मुलगी सांभाळते. "अमूती, रात्र बरी गेली?" म्हटलं, ते राहू दे, आधी डुकरं आवर! तर म्हणते, सॉफ्टवेअर अडकलंय. म्हटलं, ज्यानं विकलं त्याला धर.

"विकलं नाही हो, खुलं आहे. कुणीही घ्यावं, कुणीही बदलावं. सगळे मिळून सांभाळतात."

"सगळे म्हणजे कोण?"

"वेबसाइटवर लिहिलंय ना."

वेबसाइट! तुम्हाला सांगतो, एक असती तर गोष्ट वेगळी... चार निघाल्या! पहिली म्हणते, लाल बटण दाबा. दुसरी म्हणते, लाल बटण मुळीच दाबू नका, तारीख बदला. तिसरी म्हणते, हे पान लवकरच लिहू. चौथीवर कुणाच्या तरी लग्नाचे फोटो! आणि चारींच्या तळाशी तीच ओळ, 'अडचण आली तर अमूतीला विचारा.'

कोणता अमूती?

आम्हा तोरो लोकांना स्वतःच्या नावाखेरीज एक मायेचं, मानाचं नाव असतं. मोठ्या माणसाला त्याच नावानं हाक मारायची, नाहीतर तो उद्धटपणा. आणि अशी नावं किती? साऱ्या मुलखाला मिळून बारा! टेकडीवर उभं राहून "अमूती!" म्हणून ओरडा, बैलसुद्धा मान वळवतील. मी स्वतः अमूती!

काक्योनं एका वेबसाइटच्या गप्पांच्या पानावर विचारलं, "अमूती आहेत का?" आले की! "मी अमूती, होइमाहून." "मी अमूती, गायींचा डॉक्टर. संगणक नाही माझ्याकडे, पण विचारा, विचारा." आणि परदेशातली एक बाई, तिला वाटत होतं हा सगळा एकच माणूस! "अमूती, चार वेबसाइट एकट्यानं लिहिता, झोपता कधी हो?" वर्षातला सर्वांत कष्टाळू म्हणून तिनं त्याला बक्षीसही जाहीर केलं होतं. कोणत्या अमूतीला? तिलाच ठाऊक!

म्हटलं, बोलाव त्या वेबसाइट लिहिणाऱ्या चौघांना पडद्यावर. आले. आणि लागले भांडायला. "माझी आधीची!" "माझी अचूक!" "माझी छोटी!" "माझ्यात फोटो आहेत!" मी चष्मा काढला. गप्प झाले.

"वेबसाइट एकच राहील. ज्याची रीत चालेल त्याचं पान ठेवा, बाकीचं पुसा. आणि खाली अमूती-बिमूती नको. स्वतःचं नाव, बापाचं नाव, गाव!"

"पण अमूती, मोठ्या माणसाचं नाव असं उघड..."

"मोठे? तुम्ही? खाली बसा!"

"बसलेलोच आहोत, अमूती."

लाल बटण दाबून पाहिलं. जाहिरात दुप्पट जोरात! म्हणजे दुसरा खरा. तारीख बदलली, आणि काय सांगू... शांतता! रस्त्यावर लोकांनी टाळ्या वाजवल्या.

काक्यो घोषणा वाचायला बसली. "नाव काय सांगू?"

"अमूतीच्या मुलीची पाठवणी शुक्रवारी. सगळ्यांनी यावं."

"पण कोणता अमूती? आत्ताच तर तुम्ही त्यांना..."

"ते पोरांसाठी! तुझ्या वयाची मुलगी रेडिओवर माझं नाव घेणार? मला कोण ओळखत नाही?"

शुक्रवारी माझे पाहुणे आले. वेळेवर आले. मान राहिला. पण टेकडीपलीकडेही एक अमूती आहे, त्याच्या मुलीची पाठवणी पुढच्या महिन्यात, आणि त्याच्या व्याह्यांच्या घरीही रेडिओ आहे! नटूनथटून, मुलीसाठी बापाला द्यायच्या गायी हाकत, धापा टाकत ते त्याच्या दारात हजर, आणि हा केळीच्या बागेत, गुडघ्यापर्यंत चिखलात! तसाच माझ्या मांडवात धावत आला. "अमूती, नाव का नाही सांगितलंस?" म्हटलं, "अमूती, लोकांनी नीट ऐकायला नको?" आता आलेल्या गायी परत कशा पाठवणार? बसवलं सगळ्यांना माझ्याच पंगतीला. शिजवलेल्या केळ्यांचं मटोके पुरलं, मटण संपलं, आणि त्याचीही मुलगी गेली सासरी.

आणि काक्योनं काय करावं? वेबसाइटवर नवं पान लिहिलं, 'घोषणेत पूर्ण नाव का द्यावं.' खाली उदाहरण. माझं नाव, बापाचं नाव, गाव! जन्मात कुणी तोंडावर घेतलं नाही ते नाव त्या परदेशातल्या बाईला पाठ झालंय. बरं, तेही चुकीचं. र्वाकाइकाराचं र्वाकाराइका! म्हटलं, दुरुस्त कर.

"आता चौघांची संमती लागते, अमूती. वेबसाइट एक झाली ना."

दोघांनी दिली. तिसरा विचार करतोय. चौथ्यानं लिहिलंय, मूळ नावापेक्षा हेच बरं वाटतं.