वकीलपत्रावरची सही

पेडण्याच्या बसथांब्यावर रांगेत उभ्या राणीचे कान पुढच्या दोघांच्या बोलण्याकडे लागले होते. दोघांचेही मुलगे भाषेच्या आंदोलनात धरलेले, बावीस दिवस तुरुंगात.

"बाबलीदादा, आमचो सर्वेश वकीलपत्रार सही करीत नाय. कागद मराठीतच होयो म्हणता."

"माझो उल्हास तरी खंय करता, प्रभावती? त्याका कोंकणीत होयो."

"मगे त्यांका कोर्टाफुडे हजर करा म्हणून अर्ज जातलो कसो?"

"गेलो! काल वकिलान दोघांकय वेगवेगळे गाठून सांगल्यान, दुसऱ्यान सही केली, आता तोच आधी सुटतलो."

"अगे बाये! मगे?"

"मगे काय? दोघांनीय झटक्यात पेन मागल्यानी."

"आणि सही खंयच्या भाशेत केल्यानी?"

"दोघांनीय इंग्लिशीत."